एका कपासाठी स्टोव्ह

पहाटे साडेपाचला आमच्या वाड्यात माणसांच्या आधी स्टोव्हना जाग यायची. खर्रकन काडी ओढल्याचा आवाज, मग मिनिटभर शांतता. त्या शांततेत बर्नरच्या गळ्याभोवती अडकवलेला काकडा जळत असायचा. मग चावी आवळल्याची किरकिर, पंपाचे दहा-बारा दट्टे आणि एकदम भर्रर्र! एका बिऱ्हाडाचा स्टोव्ह पेटला की पाठोपाठ दुसऱ्याचा, तिसऱ्याचा. आम्हा पोरांना अंथरुणातूनच कळायचं की कुणाच्या पंपाचं वॉशर सुकलंय, कुणाच्या निपलमध्ये कचरा अडकलाय, आणि कुणाकडे आज पाहुणे आहेत. कारण पाहुणे असले तरच तो आवाज सातपर्यंत चालायचा. एरवी स्टोव्ह लवकर गप्प होई. रॉकेल फुकट येत नव्हतं, आणि पैसे मोजूनही दर वेळी मिळत नव्हतं.

ज्यांचं लहानपण साठ-सत्तरच्या दशकात दोन खोल्यांत गेलं, त्या सगळ्यांच्या नाकात हा वास अजून असेल. कुणी रॉकेल म्हणायचं, कुणी घासलेट. आजी मात्र शेवटपर्यंत ‘घासलेट’च म्हणाली. ‘गॅसलाइट’चं कधीतरी, कुणाच्या तरी तोंडी घासलेट झालं असणार, हे तिच्या गावीही नव्हतं. साहेबाचा शब्द तिने चुलीत घालून मऊ केला होता.

स्टोव्हही तसा परदेशीच. स्वीडनच्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्टने १८९२ मध्ये काजळी न धरणारा, दाबावर चालणारा स्टोव्ह बनवला आणि त्याचं ‘प्रायमस’ हे नाव जगभर गेलं. अमुंडसेनने तो दक्षिण ध्रुवावर नेला. १९५३ मध्ये हिलरी आणि तेनसिंग यांनी एव्हरेस्टच्या शेवटच्या तळावर बर्फ वितळवून पाणी केलं तेही प्रायमसवरच. दादाने हे शाळेच्या वाचनालयातल्या पुस्तकात वाचलं आणि धावत घरी येऊन आईला सांगितलं. आई तेव्हा पाटावर बसून निपलमध्ये पिन मारत होती. ती म्हणाली, “त्यांना बरं, एकदाच चढायचं होतं.” साहसी लोकांनी जी वस्तू तंबूत नेली, ती आपल्याकडे बायकांनी स्वयंपाकघरात आणली आणि रोज दोन वेळा तिच्यावर मोहीम काढली. आमचा स्टोव्ह कुठल्या कंपनीचा होता कोण जाणे, पण पितळी टाकीचा, तीन पायांचा आणि भर्र करणारा असला की तो प्रायमस. वातीचा असला की नुसता स्टोव्ह.

प्रायमसचा स्वभाव एकदा समजला की रॉकेल कुठे वाया जातं तेही कळायचं. टाकीत हवा भरली की तेल वर चढतं, तापलेल्या बर्नरमध्ये त्याची वाफ होते, निपलच्या केसाएवढ्या भोकातून ती जोराने बाहेर पडते आणि हवेत मिसळून निळी जळते. बर्नर नीट तापला नसेल तर वाफेऐवजी तेलच उडतं आणि पिवळा भडका वर येतो. पिवळी ज्योत म्हणजे अर्धवट जळलेलं तेल. आई त्याला ‘पैसे जळतायत’ म्हणायची. पातेल्याच्या बुडाला चढलेली काजळी हा तिच्या लेखी निव्वळ अपव्यय होता, आणि वर ती राखेने घासून काढायची मेहनत वेगळी. म्हणून काकड्याला ती पुरता वेळ द्यायची. घाईने पंप मारणाऱ्या माणसाला आमच्या घरात स्टोव्हला हात लावायची परवानगी नव्हती. वडिलांना तर नव्हतीच.

बाकीचे नियम कुणी कुठे लिहून ठेवले नव्हते, पण वाड्यातल्या सातही बिऱ्हाडांत ते एकच होते. डाळ रात्रीच भिजत पडायची. भात वेळून घ्यायचा नाही, बसवायचा. वेळलेल्या भाताला पाणी जास्त, म्हणून आधणाला तेल जास्त. पेज काढायची तर फक्त आजारी माणसासाठी. आधण झाकणाशिवाय ठेवायचं नाही. पाण्याला उकळी फुटली की पंप मारणं थांबवायचं आणि थोडी हवा सोडायची. “उकळतंय ते उकळतंय, आणखी जाळ केलास तर काय ते जास्त उकळणार आहे का?” पुढे शाळेत शिकवलं की उकळत्या पाण्याचं तापमान वाढत नाही, वाढते ती फक्त वाफ. बाईंनी हे फळ्यावर लिहिलं तेव्हा मला वाटलं, यांच्याही घरी आईच असणार.

भाजीवर उपडं झाकण कधी नसायचं. खोलगट ताटली, आणि तिच्यात पाणी. खालच्या वाफेने ते पाणी कढत व्हायचं, भाजी लागायची नाही, आणि शेवटी तेच पाणी आमटीत जायचं. एका आचेवर दोन कामं. वरणाचं पातेलं उतरलं की त्या जागी लगेच दुसरं. मोकळा जाळ नुसता छताकडे जाताना पाहणं आईला सहन होत नसे. रात्रीची मुगाची खिचडी ती तीन-चतुर्थांश शिजल्यावर उतरवायची, जाड झाकण घालायची, जुन्या गोधडीत गुंडाळायची आणि लाकडी पेटीत ठेवून द्यायची. आम्ही पाढे म्हणून होईपर्यंत खिचडी आपोआप शिजलेली असायची. धाकट्या बहिणीला बरीच वर्षं वाटत होतं की ती गोधडी गरम असते.

एकदा पेटलेला स्टोव्ह मधेच विझवायचा नाही, कारण परत पेटवायचा तर परत काकडा, परत स्पिरिट. त्यामुळे वाड्यात एक देवाणघेवाण चालायची. शेजारच्या काकू चौकातून हाक मारायच्या, “अहो, माझा चालूच आहे, दूध तापवून घेताय का?” मग आमचं दुधाचं पातेलं त्यांच्याकडे, आणि संध्याकाळी त्यांच्या बाळाचं पाणी आमच्याकडे. हिशेब कुणी मांडत नसे, विसरतही नसे.

आणि सगळ्यात मोठा नियम: एका कपासाठी स्टोव्ह पेटवायचा नाही. चहा व्हायचा तो सकाळी आणि संध्याकाळी पाचला, सगळ्यांचा एकदम. मधल्या वेळी कुणाला तल्लफ आली तर त्याने आपली तल्लफ पाचपर्यंत सांभाळावी. पाहुणा आला तर गोष्ट वेगळी. म्हणून दुपारी पाहुणा आला की वडील खूश असायचे.

रॉकेल यायचं रेशनच्या दुकानातून. गाडी येणार ही बातमी आदल्या रात्री कुठून तरी फुटायची आणि पहाटेपासून रांग लागायची. माणसांची नव्हे, कॅनची. पत्र्याचे डबे, प्लॅस्टिकचे कॅन, कुणाची दारूच्या बाटलीवजा जाड बुधली, त्यांच्या कानांतून ओवलेली सुतळी, आणि ज्याच्याकडे डबाही नाही त्याची विटेची खूण. विटेलाही नंबर असायचा आणि तिच्यावरून भांडणं व्हायची. उन्हं वर आली की कॅनच्या जागी माणसं उभी राहायची. आम्ही त्या रांगेत इतिहासाची सनावळी पाठ केली आहे. दुकानदार मापटं भरायचा आणि काठावरचा फेस मापात धरायचा. बायका म्हणायच्या, “फेस नको, तेल घाला.” तो म्हणायचा, “बसेल, बसेल.” फेस बसायचा, मापही बसायचं. घरी आल्यावर आई नरसाळ्याला फडकं लावून तेल गाळायची. कॅन उपडा करून पाच मिनिटं तसाच धरायची. शेवटचे थेंब एकेक करून पडत.

१९७२ चा दुष्काळ आणि त्यापाठोपाठ १९७३ चा तेलाचा भडका, हे आम्हाला वर्तमानपत्रातून कळलं नाही. स्वयंपाकघरातून कळलं. त्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल अडवलं आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव जवळपास चौपट झाला. इथे त्याचा अर्थ एवढाच, की गाडी आठवड्याने येऊ लागली आणि रांग कोपरा वळून पलीकडच्या गल्लीत गेली. गोरेगावला राहणारी माझी मावशी त्याच सुमारास पहिल्यांदा मोर्चात गेली. मृणाल गोरे, अहिल्याताई रांगणेकर यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या बायका महागाईविरुद्ध एकत्र आल्या होत्या. हातात लाटणी, थाळ्या. तेल, साखर, रॉकेल द्या म्हणून त्यांनी मंत्र्यांना घेराव घातले. मावशी दिवाळीत आली ती हे सगळं सांगत. “लाटण्याने थाळी वाजवायची म्हणजे काय असतं गं? हात दुखतो, पण बरं वाटतं.” आईने ऐकून घेतलं आणि विचारलं, “त्या दिवशी स्वयंपाक कुणी केला?” मावशी म्हणाली, “सकाळीच करून गेले.” दोघी बराच वेळ हसल्या. तेव्हा आम्हाला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नव्हतं.

रॉकेल कमी पडलं की जुनी माणसं कामाला यायची. आजी माळ्यावरून भुशाची शेगडी काढायला लावायची. पत्र्याच्या डब्याला खाली भोक, मधोमध बाटली उभी धरायची, भोवती लाकडाचा भुसा ठोकून ठोकून भरायचा आणि बाटली हळूच वर काढून घ्यायची. मधे जी पोकळी राहते तिच्यात खालून विस्तव. नीट ठोकून भरली असेल तर ही शेगडी बराच वेळ ऊब देत राहते. कडधान्यं, पाव किलो शेंगदाणे, बाळंतिणीचं पाणी, सगळं तिच्यावर. भुसा वखारीतून पोत्याने यायचा. कोळशाच्या पोत्याच्या तळाशी उरलेली चुरी फेकली जात नसे. तिच्यात शेण-माती कालवून गोळे वळायचे आणि गच्चीत वाळवायचे. आमचे काळे हात बघून शाळेत शिक्षा व्हायची. बंबात तर काय वाटेल ते जायचं: शेंगांची टरफलं, करवंट्या, जुन्या वह्या. दादाच्या सहावीच्या गणिताच्या वहीने एकदा सगळ्या घराच्या आंघोळी झाल्या. त्या वहीचा तो सर्वांत चांगला उपयोग होता, असं वडील म्हणाले.

हाच दादा कॉलेजात गेल्यावर गडांच्या नादाला लागला. त्याच्या टोळक्याने राजगडावर तीन रात्री राहायचं ठरवलं आणि आईकडे स्टोव्ह मागितला. घरात वातीचा एक जुना होता. त्यावर तेवढे दिवस भागवायचं ठरवून आईने प्रायमस दिला, आणि मोजून दीड लिटर रॉकेल. पत्र्याच्या बाटलीला बूच, बुचावर मेणकापड, मेणकापडावर सुतळी. “पाच जणांना तीन दिवस पुरेल. जपून वापरलंत तर.”

ते जपून वापरणारे नव्हते. पद्मावती माचीवरच्या देवळाच्या ओवरीत वाऱ्याला आडोसा न करता स्टोव्ह पेटवला. पहिल्या संध्याकाळी चार वेळा चहा झाला. दुसऱ्या दिवशी तुरीची डाळ न भिजवताच चढवली. राजगड साडेचार हजार फुटांच्या आसपास, तिथे पाणी शंभर अंशांना नाही, पंचाण्णव-शहाण्णवलाच उकळतं. पण डाळ न शिजायला तेवढंच कारण नव्हतं. निम्मी आच वारा खात होता आणि पातेल्यावर झाकण नव्हतं, कारण झाकणात कुणीतरी कांदा चिरत होतं. दुसऱ्या रात्री रॉकेल संपलं. सॅकमध्ये बूच ढिलं होऊन जे सांडलं होतं ते चिवड्याने पिऊन घेतलं. तो चिवडा त्यांनी खाल्ला. पुढे कित्येक वर्षं दादा चिवड्याचा डबा उघडला की आधी वास घ्यायचा.

घरी आल्यावर आईने आधी स्टोव्ह तपासला, मग मुलगा. मग तिने एक गोष्ट केली, जी मला आजही तिच्या सगळ्या शहाणपणाचं सार वाटते. पुढच्या मोहिमेला तिने रॉकेल एक लिटरच दिलं. सोबत सातूचं पीठ दिलं, ते गूळ-पाण्यात नुसतं कालवायचं. मेतकूट दिलं. दशम्या दिल्या, दुधात भिजवलेल्या कणकेच्या, तीन दिवस टिकणाऱ्या. तूर काढून घेतली आणि मूगडाळ-तांदूळ भाजून, मीठ-हळद-जिरं लावून पुरचुंड्या बांधल्या. “एका पुरचुंडीला एवढं पाणी. उकळी आली की पाच मिनिटं, मग झाकण घालून कांबळ्यात गुंडाळा. स्टोव्हला दगडांचा आडोसा करा. आणि चहा दोनदाच.” सरपण वाचवायचा खरा उपाय आच कमी करणं नाही, आच लागणारच नाही असं अन्न नेणं, हे आपल्या वारकऱ्यांना आणि गाडीवानांना कधीपासून माहीत होतं. ते लोक रॉकेल नेत नव्हते, सातू नेत होते. त्या खेपेला दादाने अर्धा लिटर रॉकेल परत आणलं. आईने ते डब्यात ओतून घेतलं आणि एक शब्द बोलली नाही. म्हणजे ती खूश होती.

या आठवणींना नुसता गोडवा आणायचा तर एक गोष्ट गाळावी लागेल, आणि ती मी गाळणार नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या वर्तमानपत्रांत आतल्या पानावर एक चार ओळींची बातमी वरचेवर असायची: स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू. सुरुवातीला आम्ही ती खरी मानायचो. भडका उडतोच, आम्ही पाहिला होता. मग घरातल्या बायका ती बातमी वाचून एकमेकींकडे बघताना दिसू लागल्या. “सुनांचेच बरे भडके उडतात,” असं शेजारच्या काकू एकदा म्हणाल्या. पुढे स्त्री संघटनांनी हा प्रश्न रस्त्यावर आणला आणि १९८३ मध्ये कायद्यात ४९८-अ हे कलम आलं. ज्या वस्तूने आमची घरं जेवू घातली, तिच्याच नावावर किती घरांनी आपली पापं खपवली. स्टोव्ह आठवायचा तर हेही आठवायला हवं.

ऐंशीच्या सुमाराला दूरदर्शनवर इंधन बचतीच्या जाहिराती येऊ लागल्या. झाकण ठेवा, डाळ भिजवा, आच मंद करा. आई त्या बघून म्हणायची, “हे आता मला शिकवणार!” इंडियन ऑइलच्या संशोधन केंद्राचा ‘नूतन’ हा वातीचा स्टोव्ह आला, निळ्या ज्योतीचा आणि आवाज न करणारा. तो घरोघर गेला. वाती एकसारख्या कापायच्या, टाकी तळाला जाऊ द्यायची नाही, नाहीतर तेलाऐवजी वातच जळते, असे त्याचेही नियम आईने चार दिवसांत ठरवले. पण वाड्यातली पहाट त्याने गप्प केली.

दादा इंजिनियर झाला तेव्हा त्याने एकदा गंमत म्हणून वहीत हिशेब मांडला. भिजवलेली डाळ, झाकण, गोधडीतली खिचडी, बसवलेला भात. आईने पंधरा-सोळा वर्षांत किती रॉकेल वाचवलं असेल, किती रुपये झाले असतील. आकडा बराच मोठा आला. त्याने तो कौतुकाने वाचून दाखवला. आई गहू निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “आणि रांगेतले तास धरलेस का?”

त्याने ते धरले नव्हते. आमच्यापैकी कुणीच कधी धरले नव्हते. रॉकेल वाचलं ते हवेतून वाचलं नव्हतं. रात्री जागून डाळ भिजत घालण्यातून, पहाटे उठून काकडा जळेपर्यंत बसण्यातून, भुसा ठोकण्यातून, कॅनच्या रांगेतून ते वाचलं होतं. आम्ही ज्याला आईची काटकसर म्हणून मिरवत होतो, ती खरं तर खरेदी होती. तिने आपले दिवस देऊन ते तेल विकत घेतलं होतं, फक्त पावती कुणी फाडली नव्हती.

गॅसला नंबर लावून आम्हाला सहा वर्षं झाली होती. शेवटी तो लागला. शेगडी आली, लाल सिलिंडर आला. आईने ‘कालनिर्णय’वर त्या तारखेच्या चौकटीत बारीक अक्षरात लिहिलं, ‘गॅस लावला’. मग दर सिलिंडरला लिहिलं. चौदा किलो दोनशे ग्रॅमचा एक सिलिंडर तिच्याकडे किती दिवस जायचा, हे शेजारणी विचारायला येत. पहिला सबंध आठवडा ती प्रत्येक पातेल्यावर झाकण ठेवून, खाली वाकून ज्योत बघत होती. ओठ हलायचे. मनातल्या मनात मिनिटं मोजत असावी. पितळी प्रायमस पुढे मोडीत गेला. त्याच्या बदल्यात एक झाकणाचं पातेलं आलं.

मला आठवते ती गॅसच्या त्या पहिल्याच आठवड्यातली एक दुपार. मी कॉलेजातून लवकर आले होते. तीन वाजले असतील. घरात कुणी नव्हतं, वाडा झोपलेला. स्वयंपाकघरात आई ओट्याशी उभी होती. समोर सगळ्यात छोटं पातेलं, त्यात एक कप पाणी. झाकण होतंच. बाजूला एकच कप-बशी काढून ठेवलेली. मला बघून ती दचकली, चोरी पकडल्यासारखी.

“तुला हवाय का? घालते अजून एक कप.”

मला हवा होता. पण मी नको म्हणाले.